पॉली बनवण्याची यंत्रणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट), एसटीपी (वस्तीचं मैलापाणी शुद्ध करणारा प्लँट) आणि साखर कारखान्यांमधले ऑपरेटर, केमिस्ट आणि खरेदी विभागातली मंडळी पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत, अडचणीचे पुढे येतात. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर त्याचा क्रमांक दिला आहे.

१. पॉली म्हणजे नक्की काय? पावडर सरळ स्लजमध्ये (सांडपाण्यातल्या गाळात) टाकली तर काय बिघडतं?

प्लँटवर सगळे जिला ‘पॉली’ म्हणतात ती पॉलिइलेक्ट्रोलाइट, म्हणजे बहुतेक वेळा पॉलिॲक्रिलामाइड. तिचा रेणू ही एक प्रचंड लांब साखळी असते; रेणुभार ५० लाखांपासून २ कोटींपर्यंत जातो. कोरड्या दाण्यात ही साखळी गुंडाळून बसलेली असते. पाण्यात ती फुगते, उलगडते आणि मगच एका वेळी अनेक कणांना धरून त्यांचे मोठे फ्लॉक (पुंजके) बांधते. पावडर सरळ स्लजमध्ये टाकली तर उलगडायला वेळही मिळत नाही आणि मोकळं पाणीही. दाणा बाहेरून बुळबुळीत होतो, आत कोरडा राहतो आणि तसाच केकबरोबर (पाणी काढून उरलेल्या घट्ट गाळाबरोबर) निघून जातो.

जैविक स्लजला सहसा कॅटायनिक (धनभाराची) पॉली लागते. चुना, फटकडी किंवा फेरिक (लोहाचा क्षार) वापरून बसवलेल्या रासायनिक गाळाला ॲनायनिक (ऋणभाराची). शेवटचा निर्णय मात्र जार टेस्टनेच (छोट्या भांड्यांत स्लज घेऊन वेगवेगळ्या पॉली आणि डोस तपासून) घ्यायचा, विक्रेत्याच्या शब्दावर नाही.

२. किती टक्क्यांची पॉली बनवायची?

पावडर असेल तर ०.१ ते ०.३ टक्के ही सोयीची मर्यादा. १००० लिटर पाण्यात १ किलो पावडर म्हणजे ०.१ टक्का. चांगलं ऑटोमॅटिक युनिट असेल आणि पुढे लाइनमध्ये पातळ करायची सोय असेल (प्रश्न १२) तर ०.५ टक्क्यापर्यंत जाता येतं.

१००० लिटरला १० किलो टाकून ‘०.१ टक्का’ समजणारे लोक खरोखर भेटतात. तो १ टक्का झाला. टाकीत जेली तयार होते, पंप ओढत नाही आणि दोष पंपाला दिला जातो. पावडर वजनकाट्यावर मोजा. मगाने किंवा डब्याने मोजण्याची सवय असेल तर निदान त्या मगात किती ग्रॅम बसते ते एकदा तोलून भिंतीवर लिहून ठेवा, आणि पावडरीचा ग्रेड बदलला की पुन्हा तोला.

३. कितीही ढवळलं तरी गुठळ्या राहतात. काय चुकतंय?

चूक पहिल्या मिनिटात होते, आणि नंतर ती कशानेच निस्तरत नाही. पावडरीचा ढीग एकदम पाण्यात पडला की बाहेरचे दाणे क्षणात भिजून चिकट थर बनवतात. तो थर आतल्या दाण्यांपर्यंत पाणी पोहोचू देत नाही. अशी गुठळी तयार झाली की ती चार तास ढवळूनही विरघळत नाही. उलट त्या चार तासांत जी पॉली नीट विरघळली होती तिच्या साखळ्या तुटत राहतात. म्हणजे नुकसान दोन्हीकडून.

म्हणून प्रत्येक दाणा सुटा सुटा भिजला पाहिजे. पिठल्याच्या आधणात एका हाताने बेसन पेरतात आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहतात, तसंच हे काम आहे. आधी टाकीत पाणी घ्या, निदान ॲजिटेटरचा, म्हणजे ढवळण्याच्या यंत्राचा, पंखा पूर्ण बुडेल इतकं. ॲजिटेटर चालू करा. मग पावडर चाळणीतून किंवा हाताने भुरभुरत, भोवऱ्याच्या उतारावर टाका. दांड्यावर किंवा टाकीच्या भिंतीवर नको. १ किलोला ५ ते १० मिनिटं लागू द्या. आधी पावडर आणि वरून पाणी हा उलटा क्रम कधीच नको.

रोज एवढा वेळ देणारा माणूस नसेल तर वॉटर जेट एज्युक्टर बसवा. यात दाबाचं पाणी अरुंद नळीतून जाताना तयार होणारी ओढ नरसाळ्यातली पावडर खेचते आणि दाणे पाण्यात सुटे सुटे मिसळतात. मोठी मोटर लागत नाही, फक्त पाण्याचा दाब चौरस सेंटीमीटरला २.५ ते ३ किलोच्या आसपास टिकला पाहिजे. क्रम पाळा: आधी पाणी चालू, मग पावडर, बंद करताना आधी पावडर, मग पाणी. नरसाळ्याच्या घशाला ओल लागली की तो चिकटून बंद होतो. प्लँटवर एज्युक्टर अडगळीत पडलेले दिसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

पॉली नीट झाली का हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. चहाच्या स्टीलच्या गाळणीतून लिटरभर ओता. जाळीवर पारदर्शक डोळे (न विरघळलेल्या पॉलीचे जेलीसारखे ठिपके) अडकले तर ती पावडर वाया गेली. पुढे जाऊन तेच डोळे फिल्टर प्रेसचं (कापडात स्लज दाबून पाणी काढणाऱ्या यंत्राचं) कापड बुजवतात.

४. ॲजिटेटर किती आरपीएमचा घ्यावा? जास्त वेगात लवकर विरघळेल ना?

नाही. आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. पावडर भिजत असताना हालचाल जोरात हवी. एकदा भिजली की पुढचं सगळं काम हळू. प्रत्यक्षात बऱ्याच प्लँटवर नेमकं उलटं चालतं: ढीग ओततात आणि मग १४४० आरपीएमची मोटर थेट दांड्याला जोडून दुपारपर्यंत फिरवतात.

निव्वळ आरपीएमपेक्षा पंख्याच्या टोकाचा वेग बघा. १५० मिमीचा पंखा १४४० आरपीएमला फिरला तर टोक सेकंदाला ११ मीटरहून जास्त वेगाने जातं. तो साखळ्या कापणारा चाकूच झाला. ५०० मिमीचा पंखा १०० आरपीएमला फिरवला तर हाच वेग सेकंदाला साधारण २.६ मीटर येतो. ३ मीटरच्या आत राहिलात तर काळजी नाही. म्हणजे पंखा मोठा, वेग कमी आणि मोटरला गिअरबॉक्स. १००० लिटरच्या टाकीला ४०० ते ५०० मिमीचा, पाणी खाली ढकलणारा तिरक्या पात्यांचा पंखा ७० ते ११० आरपीएमला पुरतो.

व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) परवडत असेल तर जरूर घ्या. पावडर टाकताना वेग थोडा वाढवायचा आणि दहा-पंधरा मिनिटांनी उतरवायचा. टाकी गोल असेल तर आत भिंतीला तीन-चार उभ्या पट्ट्या हव्यात, नाहीतर पाणी नुसतं गोल फिरतं आणि वरखाली मिसळत नाही. चौकोनी टाकीत कोपरेच ते काम करतात.

५. मुरायला किती वेळ द्यायचा?

पावडरीला ४५ ते ६० मिनिटं, इमल्शनला (तेलात मिसळलेल्या द्रव पॉलीला, प्रश्न ९) १५ ते ३० मिनिटं. वेळ पावडर टाकून झाल्यापासून मोजायची, टाकायला सुरुवात केल्यापासून नाही. थंड पाण्यात जास्त वेळ लागतो. जानेवारीत नाशिक किंवा नागपूरकडे पहाटेच्या पाळीत उन्हाळ्यातलं वेळापत्रक चालवलं तर डोस वाढल्यासारखा वाटतो तो यामुळे. पाणी ३५ अंशांपर्यंत कोमट असेल तर काम सोपं होतं. ५० अंशांच्या वर नको.

६. आमच्या प्लँटला टाकी केवढी लागेल?

सुक्या घन पदार्थापासून हिशेब करा. समजा, डिकँटरवर (स्लज वेगाने फिरवून पाणी वेगळं करणाऱ्या यंत्रावर) ताशी ४ घनमीटर स्लज जातो आणि त्यात २ टक्के घन आहे. म्हणजे ताशी ८० किलो सुका पदार्थ. जार टेस्टमध्ये टनाला ५ किलो पॉली लागली, तर ताशी ०.४ किलो पावडर झाली. ती ०.१ टक्क्याला बनवली तर ताशी ४०० लिटर द्रावण लागेल, ०.२ टक्क्याला बनवली तर २००.

आता त्यात मुरायचा वेळ धरा. ०.१ टक्क्यासाठी १००० लिटरच्या दोन टाक्या घेतल्या तर एक अडीच तास पुरते, आणि तेवढ्यात दुसरी पाण्याने भरून, पावडर टाकून, मुरवून तयार होते. एकाच टाकीवर भागवायचा मोह टाळा. त्यात ताजं पाणी आणि जुनी पॉली एकत्र होतात, आणि मुरलेली किती, न मुरलेली किती हे कुणालाच सांगता येत नाही.

७. हाताने बनवणं बरं की ऑटोमॅटिक युनिट घ्यावं?

दिवसाला दोन-तीन किलोपर्यंत पावडर लागत असेल तर दोन टाक्या, गिअर मोटर आणि एक एज्युक्टर यावर उत्तम भागतं. गृहसंकुलाच्या एसटीपीला तर याहून जास्त काही घेणं म्हणजे मेंटेनन्सच्या पैशांची उधळपट्टी. तिथे फिल्टर प्रेस आठवड्यातून एक-दोनदा चालतो. ऑटोमॅटिक युनिटमधली पॉली पडून खराब होते (प्रश्न १४).

खप त्याहून जास्त असेल आणि प्रेस किंवा डिकँटर पाळीपाळीने सतत चालत असेल, तर तीन कप्प्यांचं युनिट विचारात घ्या. पहिल्या कप्प्यात स्क्रू फीडर पावडर सोडतो आणि ती पाण्याच्या फवाऱ्याखाली किंवा भिजवणाऱ्या शंकूत भिजते. तिथून द्रावण दुसऱ्या कप्प्यात मुरायला जातं आणि तिसऱ्यातून पंप उचलतो. लेव्हल सेन्सरने पाणी आणि फीडर एकदमच चालू-बंद होतात. तीन वेगळे कप्पे ठेवतात ते ताजं द्रावण सरळ पंपापर्यंत पोहोचू नये म्हणून.

कोटेशन मागवताना ‘ताशी १००० लिटर’ एवढ्यावर समाधान मानू नका. त्या प्रवाहाला मुरायचा वेळ किती मिळतो ते लिहून घ्या. कप्प्यांचं एकूण आकारमान ५०० लिटर असलेल्या युनिटमधून ताशी १००० लिटर काढले तर पॉलीला जेमतेम अर्धा तास मिळतो. कागदावर क्षमता दुप्पट दाखवायची ही जुनी युक्ती आहे.

८. ऑटोमॅटिक युनिट असूनही कधी पातळ, कधी घट्ट येते. का?

दोष बहुतेक वेळा स्क्रू फीडरच्या तोंडाशी असतो. टाकीतून वर येणारी वाफ तिथे बसते, पावडर ओलसर होऊन तोंडावर कडं धरते आणि भोक बारीक होत जातं. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, हे रोजचंच. तोंडाला हीटर असलेला फीडर घ्या, युनिट बंद असताना स्लाइड गेट लावा आणि पाळी बदलताना तोंड कोरड्या ब्रशने साफ करा. ओल्या फडक्याने नाही.

दुसरं कारण कॅलिब्रेशन. फीडर आकारमानाने पावडर सोडतो, वजनाने नाही. वेगळ्या ग्रेडची पावडर हलकी किंवा जड असली की त्याच सेटिंगवर टक्का बदलतो. नवं पोतं उघडलं की फीडर एक मिनिट चालवून खाली पडलेली पावडर तोला.

९. इमल्शन आणि पावडर यात फरक काय? यंत्रणा तीच चालते का?

तीच चालत नाही. इमल्शनमध्ये पॉलीचे अतिसूक्ष्म थेंब खनिज तेलात तरंगत असतात. पाण्याशी गाठ पडली की हा समतोल उलटतो, तेल बाजूला होतं आणि थेंब पाण्यात फुटतात. या उलटण्याला पहिल्या क्षणी जोरदार घुसळण लागते, म्हणून इमल्शन युनिटमध्ये एक छोटा मिक्सिंग चेंबर असतो. आत वेगवान पंखा किंवा दाबाच्या पाण्याचा नोझल. प्रश्न ४ मध्ये वेग वाईट म्हटलं आणि इथे चांगला, यात विसंगती नाही. साखळी अजून उलगडलेलीच नसते, त्यामुळे सेकंदभराच्या झटक्याने ती तुटत नाही. तोच झटका अर्ध्या तासाने दिला तर तुटते.

पहिलं मिश्रण ०.५ ते १ टक्क्याचं ठेवा. सुरुवातीलाच खूप पातळ केलं तर उलटायला मदत करणारं रसायनही पातळ होतं आणि दुधाळ, अर्धवट फुटलेली पॉली हाती येते. पातळ करायचं ते नंतर.

भावाची तुलना करताना जपून. इमल्शनमध्ये खरी पॉली साधारण ३० ते ४५ टक्के असते, पावडरीत ९० च्या आसपास. किलोचा भाव नाही, तर खऱ्या पॉलीच्या किलोचा भाव काढा. इमल्शनची सोय निर्विवाद आहे, धूळ नाही आणि मुरायचा वेळ कमी. पण खप मोठा असेल तर पावडर बहुधा स्वस्त पडते.

१०. इमल्शनच्या ड्रममध्ये वर तेल आलंय आणि युनिटची लाइन जाम झाली आहे. काय करू?

वर आलेलं तेल म्हणजे माल खराब झाला असं नाही. ड्रम मिक्सरने किंवा पंपाने खालून वर फिरवून पुन्हा एकजीव करा. मिक्सरची दांडी कोरडीठाक हवी. ओली काठी घातली तर तिच्याभोवतीच जेली धरते. ड्रम उघड्यावर उभे ठेवले तर झाकणावर साचलेलं पावसाचं पाणी बुचातून आत झिरपतं, आणि वरची कातडी धरलेली साय त्यातूनच येते. आडोसा नसेल तर बूच घट्ट करून निदान ताडपत्री टाका.

जाम झालेल्या लाइनचा दोषी बहुधा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा) असतो. तो गळू लागला की युनिट बंद असताना पाणी मागे इमल्शनच्या बाजूला येतं आणि तिथेच चिकट बूच बनतं. इमल्शनची बाजू पाण्याने कधीच धुवायची नाही, खनिज तेलाने धुवायची. मिक्सिंग चेंबर आणि पुढची लाइन मात्र प्रत्येक वेळी बंद करताना मिनिट-दोन मिनिटं साध्या पाण्याने वाहू द्या. पाणी थांबलं की इमल्शनचा पंप आपोआप बंद करणारा फ्लो स्विच नसेल तर तो आजच बसवा.

११. पॉलीला कोणता पंप चांगला?

स्क्रू पंप, म्हणजे रोटर-स्टेटर असलेला. तो घट्ट द्रावण न कापता पुढे ढकलतो आणि वेगाच्या प्रमाणात मोजूनही देतो. तो ३०० ते ४०० आरपीएमच्या आत चालवा. त्याचा एकच शत्रू आहे, कोरडं चालणं. टाकी रिकामी झाल्यावर काही मिनिटं जरी फिरला तरी रबरी स्टेटर जळतो, म्हणून लो लेव्हलला पंप बंद होईल अशी जोडणी हवीच. शुद्ध इमल्शनसाठी स्टेटर ईपीडीएम रबराचा नको, तो खनिज तेलात फुगतो. नायट्राइल किंवा व्हायटॉन मागा.

थोड्या डोसला डायफ्रॅम डोसिंग पंप चालतो, पण ०.२ टक्क्याच्या वर द्रावण घट्ट झालं की त्याच्या व्हॉल्व्हमधल्या गोळ्या नीट बसत नाहीत. तयार पॉलीला सेंट्रिफ्युगल पंप लावू नका. २९०० आरपीएमच्या इंपेलरमधून गेलेली पॉली आणि १४४० च्या ॲजिटेटरखाली कापलेली पॉली यांत फारसा फरक उरत नाही.

१२. पॉली बनवून झाल्यावर पुन्हा पातळ का करायची? आधीच पातळ बनवली तर?

घट्ट बनवली की टाकी लहान लागते. पातळ करून सोडली की स्लजमध्ये लवकर पसरते. लाइनमध्ये पातळ करण्याने दोन्ही फायदे मिळतात. ताशी २०० लिटर ०.५ टक्क्याच्या पॉलीत ८०० लिटर पाणी मिसळलं की १००० लिटर ०.१ टक्क्याची झाली. पाण्याच्या लाइनवर रोटामीटर (प्रवाह मोजणारी नळी), जोडणीनंतर स्टॅटिक मिक्सर (न फिरणाऱ्या पात्यांचा), एवढंच सामान. पातळ केलेली पॉली साठवू नका, ती लवकर मरते. आणि डिकँटर आधीच भरून चालत असेल तर हे जादा पाणीही त्यालाच काढावं लागेल, हे लक्षात ठेवा.

१३. बोअरचं पाणी चालेल का? एसटीपीचं शुद्ध केलेलं पाणी वापरलं तर?

बोअरचं पाणी महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी जड असतं. त्याचा फटका ॲनायनिक पॉलीला जास्त बसतो. कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साखळी पूर्ण उलगडत नाही. पण जडपणापेक्षा लोहाकडे जास्त लक्ष द्या. बादलीत ठेवलेलं पाणी थोड्या वेळाने पिवळं पडत असेल तर त्यात विरघळलेलं लोह आहे, आणि ते हवेतल्या ऑक्सिजनबरोबर साखळ्या तोडतं. याच कारणाने टाकी किंवा पाइप साध्या लोखंडाचे नकोत. पीपी, एचडीपीई, एफआरपी असं प्लास्टिक किंवा स्टेनलेस स्टील घ्या.

एसटीपीच्या पाण्यात दोन अडचणी. उरलेले तरंगते कण टाकीतच पॉली खाऊन टाकतात, आणि हायपो (क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण) टाकलेला असेल तर मोकळा क्लोरीन साखळी तोडतो. नळाच्या पाण्यातला थोडासा क्लोरीन चालून जातो, हायपोचा ताजा डोस नाही. वापरायचंच असेल तर कार्बन फिल्टरनंतरचं पाणी घ्या. आरओचं शुद्ध पाणी उत्तम, आरओ रिजेक्ट (आरओने बाहेर टाकलेलं खारं पाणी) मुळीच नको. कॅटायनिक पॉलीसाठी पीएचही बघा: पाणी ८ च्या वर असेल तर काही तासांतच तिचा विद्युतभार उतरू लागतो.

१४. काल बनवलेली पॉली आज चालेल का?

०.१ टक्क्याची कॅटायनिक असेल तर त्याच दिवशी संपवा. ॲनायनिक दोन दिवस निघते. जितकी पातळ तितकी लवकर खराब. बोटांत धरून ओढल्यावर तार येत नसेल तर ती पाणीच समजा. पावडरीचं पोतं मात्र कोरड्या जागी, लाकडी पॅलेटवर, तोंड बांधून ठेवलं तर दोन वर्षं टिकतं.

१५. ॲनायनिक आणि कॅटायनिक एकाच टाकीत आलटून पालटून बनवता येईल?

नको. विरुद्ध भाराच्या दोन पॉली भेटल्या की एकमेकींना धरून चिकट, न विरघळणारे गोळे होतात. टाकी, पंप आणि लाइन दोन्हींसाठी वेगळी ठेवा, आणि टाक्यांना वेगळे रंग द्या.

१६. पॉली वाढवत नेली तरी केक ओलाच निघतो. यंत्रणा बदलावी का?

आधी पॉली कमी करून बघा. गंमत नाही. डोस गरजेपेक्षा जास्त झाला की उरलेली पॉली पाण्यात मोकळी फिरते, गाळ बुळबुळीत होतो, फिल्टरचं कापड बुजतं आणि प्रेसमधून बाहेर येणारं पाणी साबणासारखं लागतं. बादलीत स्लज घेऊन मोजलेली पॉली टाका, एका बादलीतून दुसरीत चार-सहा वेळा ओता. फ्लॉक मोठे दिसून त्यांच्यामध्ये स्वच्छ पाणी सुटलं तर पॉली आणि डोस बरोबर आहे. मग दोष पुढे शोधायचा.

पुढे म्हणजे बहुधा फीड पंपात. टाकीत सुरेख फ्लॉक बांधायचे आणि मग वेगवान सेंट्रिफ्युगल पंपाने प्रेसमध्ये ढकलायचे, म्हणजे बांधलेलं सगळं चिरडून टाकायचं. तिथे स्क्रू पंप लावा किंवा पॉली पंपानंतर लाइनमध्ये सोडा. पॉली सोडण्याची जागाही दोन-तीन ठिकाणी बदलून बघण्यासारखी असते. प्रेसच्या फार जवळ सोडली तर मिसळायला वेळ मिळत नाही, फार लांबून सोडली तर बांधलेले फ्लॉक वाटेतच मोडतात.

यात पैशांचा भाग मोठा आहे. कारखान्याचा रासायनिक गाळ घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ३५.३ या वर्गात मोडतो आणि तळोजा किंवा रांजणगावच्या घातक कचरा विल्हेवाट केंद्रात वजनावर जातो. ओल्या केकमध्ये तुम्ही पाण्याचं भाडं आणि पाण्याची विल्हेवाट दोन्ही भरता. त्यापुढे गिअर मोटरचा खर्च किरकोळ वाटतो.

१७. साखर कारखान्यात उसाच्या रसातला गाळ बसवण्यासाठी हीच यंत्रणा चालते का?

हो, फक्त पॉली ॲनायनिक आणि द्रावण जास्त पातळ, ०.०५ ते ०.१ टक्का. रोज ५००० टन गाळप असेल आणि उसावर ३ पीपीएम (दहा लाख भागांना ३ भाग) डोस धरला तर दिवसाला १५ किलो पावडर लागते. ०.०५ टक्क्याला ते ३०,००० लिटर, म्हणजे ताशी १२५० लिटर झाले. एवढ्या खपाला हाताने बनवणं शहाणपणाचं नाही.

पाण्यासाठी कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) मऊ म्हणून चांगलं, पण ते आधी ५० अंशांच्या खाली आणा. डोस फ्लॅश टँकनंतर (तापलेल्या रसातली वाफ आणि हवा निघून जाते ती टाकी), क्लॅरिफायरच्या (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीच्या) तोंडाशी, जिथे प्रवाह शांत आहे तिथे. गळीत हंगाम संपला की टाक्या धुऊन कोरड्या करा. स्टेटरमध्ये पॉली सुकू दिली तर पुढच्या हंगामात बॉयलर पेटायच्या दिवशीच पंप अडकतो.

१८. पिण्याच्या पाण्याच्या प्लँटला ही पॉली वापरता येते का?

येते, पण पिण्याच्या पाण्यासाठीच प्रमाणित केलेली. पॉलिॲक्रिलामाइडमध्ये बनवताना थोडं ॲक्रिलामाइड उरतं आणि ते विषारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. उरलेलं प्रमाण ०.०५ टक्का असलेली पॉली लिटरला १ मिलिग्रॅम टाकली तर बरोबर तेवढीच भर पडते. म्हणून डोस १ पीपीएमच्या आत, आणि डोसिंग पंपाचं कॅलिब्रेशन दर आठवड्याला. ईटीपीतलं उरलेलं पोतं इथे आणायचं नाही, मग ते कितीही चांगल्या कंपनीचं असो.

१९. पॉली बनवताना मध्येच लाईट गेली तर?

पावडर टाकून अर्धा तास उलटला असेल तर काही होत नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत गेली तर न भिजलेले दाणे तळाशी बसून जेलीची वडी धरतात. लाईट आल्यावर लगेच पूर्ण वेगात ॲजिटेटर सुरू करू नका, दांडा वाकेल. आधी हाताने फिरवून बघा. वडी घट्ट असेल तर टाकी रिकामी करणं परवडतं. पॉलीचा ॲजिटेटर जनरेटरच्या लाइनवर घ्या, तो वीज फार खात नाही. ऑटोमॅटिक युनिटमध्ये पाण्याचा व्हॉल्व्ह वीज जाताच बंद होणारा असावा, नाहीतर टाकी वाहते.

२०. पॉली फरशीवर सांडली. पाण्याने धुतली तर आणखी पसरली!

पाणी सगळ्यात शेवटी. पावडर सांडली तर आधी कोरडी झाडून उचला. द्रावण सांडलं तर त्यावर जाडं मीठ टाका. मिठाने साखळी आक्रसते आणि बुळबुळीतपणा कमी होतो. मग वाळू किंवा लाकडाचा भुसा पसरून फावड्याने उचला, आणि उरलेलं भरपूर पाण्याने धुवा. टाकीजवळच्या पायऱ्यांवर जाळीचे पत्रे लावा, गमबूट घाला आणि मिठाचं पोतं हाताशी ठेवा. पॉलीवरून घसरून हाड मोडणं ही या कामातली खरी जोखीम आहे, रसायनाची भीती त्यामानाने कमी.

२१. आमच्या सांडपाण्यात क्षार खूप आहेत. पॉली गोड्या पाण्यात नीट बनते, पण टाकल्यावर फ्लॉकच धरत नाही. का?

रासायनिक वसाहतींतल्या प्लँटकडून हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न २० मध्ये मिठाने जे होतं तेच इथे तुमच्या इक्वलायझेशन टाकीत (सांडपाणी एकत्र साठवण्याच्या टाकीत) होतंय: क्षारांमुळे उलगडलेली साखळी पुन्हा आक्रसते आणि कणांना धरणारी तिची लांबी कमी पडते. बनवण्याच्या यंत्रणेत दोष नाही, त्यामुळे ॲजिटेटर किंवा पंप बदलून उपयोग नाही.

जार टेस्टमध्ये जास्त भाराची पॉली सोडून कमी भाराची किंवा नॉनआयनिक (भार नसलेली), पण जास्त रेणुभाराची पॉली तपासा. क्षारांचा तिच्यावर कमी परिणाम होतो. टेस्टसाठी तुमच्याच टाकीतलं पाणी घ्या, प्रयोगशाळेतलं नाही. पॉली गोड्या पाण्यातच बनवत राहा. लाइनमध्ये पातळ करायला प्रक्रिया केलेलं खारं पाणी वापरत असाल तर ते थांबवा, कारण मग साखळी स्लजपर्यंत पोहोचण्याआधीच मिटते. जागा आणि पाणी कमी असेल तर तेवढ्या पातळ करण्यापुरती गोड्या पाण्याची वेगळी अर्धा इंची लाइन ओढून घ्या.